श्री. लाभ यांची हजेरी

बुधवारी दुपारी पुण्याच्या तपासणी कंपनीचं पत्र आलं आणि अंबडच्या त्या कॉलेजात लाभ नावाच्या माणसाची शोधाशोध सुरू झाली. रामकिसन हा ऑफिसातला जुना क्लार्क. त्यानं चष्मा पुसला, यंदाचा हजेरीपट चाळला, मागच्या वर्षाचा काढला, शिपायांचा वेगळा असतो तोही काढला.

"लाड हायेत, लांडगे हायेत, लहाने तर तीन हायेत," तो म्हणाला. "लाभ कोणीच न्हाई. गुजराती असंल."

शेजारच्या टेबलावर सुमेधा ते पत्र पुन्हा वाचत होती. कॉलेजची सगळी सिस्टिम तिच्या ताब्यात. पोरांचे मार्क, परीक्षेचे फॉर्म, फोटो, सगळं ज्या कॉम्प्युटरवर आहे त्याची राखण तिच्याकडं. राखण म्हणजे काठी घेऊन बसायची नव्हे. त्या कॉम्प्युटरच्या दारात फायरवॉल असते आणि तिच्याजवळ पत्त्यांची एक यादी असते. ज्याचा पत्ता यादीत तो आत, बाकीचे बाहेर, मग कितीही मोठ्या माणसाची ओळख सांगा. ही यादी तपासायला कॉलेजनं पुण्याची कंपनी नेमली होती. यादीत पत्ते एकेचाळीस. दोनपासून एकेचाळीसपर्यंत प्रत्येकासमोर आकडा, आणि सगळे ओळखीचे: परीक्षा विभाग, ग्रंथालय, वसतिगृह, घनसावंगीची शाखा. फक्त पहिल्या ओळीत एक हा आकडाच नव्हता. तिथं 'लाभ' असं लिहिलेलं होतं.

कंपनीनं लिहिलं होतं की श्री. लाभ हे गृहस्थ रविवार सोडून रोज सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी बाहेरून आत येतात, दोनतीन मिनिटं थांबतात आणि निघून जातात. त्यांची ओळख पटवा, नाहीतर शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत त्यांचा पत्ता काढा आणि तसं सहीनिशी कळवा.

"चोर बी टायमाचा पक्का दिसतो," रामकिसन हसला.

सुमेधाला हसू आलं नाही. दहा वाजून पाच मिनिटं हे वाचलं तिथंच तिची नजर अडकली होती. लाभ कोण, हे अख्ख्या कॉलेजात तिला एकटीला माहीत होतं.

आता हे सांगायचं तर वीस वर्षं मागं जावं लागतं. तेव्हा या कॉलेजात मागच्या अंगाला एक गळकी खोली होती, ऑफिसातलं कुणी तिकडं फिरकायचं नाही, तीत सहा कॉम्प्युटर होते आणि त्या सहांचे धनी सर्जेराव सर होते. सर शहागडचे. वडील अंबडच्या मोंढ्यात हमाली करायचे, पुढं मापाला लागले. मापारी ज्वारी मोजताना कधी 'एक' म्हणत नाही. पहिलं माप पडलं की 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन, चार. सर लहानपणी पोत्यावर बसून मोजायला शिकले ते असं. त्यामुळं एक हा आकडा त्यांच्या तोंडात कधी बसलाच नाही. जिना चढतानासुद्धा माणूस पहिल्या पायरीला लाभ म्हणायचा!

खोली उघडली त्या दिवशी कुलूप निघायच्या आधीच सुमेधा दारात उभी होती, घनसावंगीहून पहिल्या बसनं आलेली. ज्यानं आधी नाव दिलं त्याचा नंबर आधी. म्हणून सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी हजेरी सुरू झाली की सर वहीतून डोकं वर न काढता पुकारायचे, "लाभ!" आणि ती उठून म्हणायची, "हजर, सर." पहिल्या आठवड्यात वर्ग खो खो हसला. पोरं तिला बसस्टँडवर 'ए लाभ' म्हणून हाक मारायची. ती घरी जाऊन रडली. पण महिन्याभरात असं झालं की तो नंबर दुसऱ्या कुणाला दिला असता तर तिनं भांडण काढलं असतं.

फायरवॉलची यादी तपासायची स्क्रिप्टही सरांनीच लिहिलेली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला एकाखाली एक लिहून दिलेले हुकूम. ती स्वतःजवळच्या यादीच्या नकलेतला एकेक पत्ता उचलते आणि फायरवॉलला विचारते, हा आहे का गं तुझ्याकडं? फायरवॉलनं शून्य दिलं की स्क्रिप्ट लिहिते 'हजर'. एक दिला की 'गैरहजर'.

"सर, शून्य म्हणजे तर नापास," सुमेधानं तेव्हा विचारलं होतं.

"माणसाच्या शाळेत. शेलमधे, म्हणजे हुकूम लिहायच्या ह्या काळ्या पडद्यावर, शून्य म्हणजे सगळं बराबर, आन् एक म्हणजे काहीतरी बिघडलं. म्हणून तर मी एक म्हणत न्हाई." आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच केवढ्यानं हसले. त्या स्क्रिप्टचं नावही त्यांनी 'हजेरी' ठेवलं आणि यादीत अन् नकलेत, दोन्हीकडं पहिल्या ओळीत स्वतःच्या घरचा पत्ता घातला, म्हणजे रात्रीबेरात्री काही बिघडलं तर शहागडहूनच दुरुस्त करता येईल.

सर रिटायर झाले त्याला आता आठ वर्षं झाली. जाताना किल्ल्या तिच्या हातात देऊन म्हणाले होते, "बाकी काय बदलायचं ते बदल. हजेरी चुकू देऊ नको." तिनं सगळं बदललं. मशिनी बदलल्या, खोली बदलली. यादीची पहिली ओळ मात्र दरवर्षी तिच्या डोळ्याखालून जायची आणि दरवर्षी ती म्हणायची, जुनं आहे, बिचारं पडून आहे, राहू दे.

पण ते पडून नव्हतं. रोज कुणीतरी तिथून येत होतं. आणि तीन वर्षांपूर्वी तर सरांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली, असं रामकिसननंच सांगितलं होतं. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. या रविवारी भेटून येऊ, असं ठरवलंही होतं. मग परीक्षा आल्या, पोरीची दहावी आली, दिवाळी आली. अंबड ते शहागड, बसनं फार तर तासाभराचा रस्ता. तेवढं अंतर कापायला तिला तीन वर्षं पुरली नाहीत. हातपाय चालत नाहीत त्या माणसाच्या घरून रोज दहा पाचला कोण शिरतंय? सरांच्या मशिनवर दुसराच कुणी बसला असेल तर? आणि स्वतः सरच असतील तर?

कंपनीतल्या प्रितमचा गुरुवारी फोन आला. पोरगा गोड बोलायचा, पण एक इंच हलायचा नाही.

"मॅडम, मिस्टर लाभना तुम्ही ओळखता?"

"ओळखते."

"स्टाफ आहेत?"

"होते. रिटायर झाले."

"मग प्रश्नच मिटला ना. रिटायर झाला त्या दिवशी पत्ता बंद, हा तुमच्याच कॉलेजचा नियम आहे. फार छान लिहिलाय, कुणी लिहिला?"

"मिस्टर लाभनीच," सुमेधा म्हणाली, आणि प्रितमला वाटलं, मॅडम चेष्टा करतायत.

प्राचार्यांना तर काही वाटायचं कारणच नव्हतं. ते म्हणाले, "अहो, काढून टाका ना जल्दी. एक बटण दाबायला किती वेळ लागतो?" लागत नव्हताच. खुर्चीत बसल्या बसल्या झालं असतं. न काढावं तर खोट्या कागदावर सही करायची, आणि पोरांच्या मार्कांचं दार ज्याला त्याला उघडं ठेवायचं. ते तिच्यानं झालं नसतं. पण सरांना न सांगता, मागच्या मागं त्यांचं नाव खोडायचं, हेही तिच्यानं होईना. शुक्रवारी सकाळी साडेआठच्या बसमध्ये ती चढली तेव्हा खिडकीशी बसून तिनं स्वतःलाच शिव्या दिल्या. तीन वर्षांनी तोंड दाखवायला निघालीस, आणि हातात काय? तर नोटीस.

शहागडला हायवेवर उतरली. ट्रकांची रांग, पंक्चरवाल्याची खोली, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, आणि त्यामागच्या गल्लीत सरांचं घर. दारात बेबीनंदा काकू तांदूळ निवडत होत्या. सरांच्या मंडळी त्या. वीस वर्षांपूर्वी त्या डब्यात एक भाकरी जास्त घालायच्या, पहिल्या बसनं येणाऱ्या पोरीसाठी.

"कोण गं? सुमेधा?" काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "आत्ता आठवण आली व्हय तुला?"

"चुकलं, काकू."

"चुकलं तं चुकलं. ये आत. बराबर टायमाला आलीस, त्यांच्या शाळेची येळ झाली."

आत सर होते. केवढे बारीक झाले होते! उजवा हात मांडीवर मुडपून पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. पण अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. समोर टेबलावर जुना कॉम्प्युटर, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली घड्याळ. सरांनी तिच्याकडं पाहिलं. डोळ्यांत ओळख चमकली आणि तोंडातून नुसता "आ... आ..." असा आवाज आला. सुमेधा पाया पडायला वाकली, आणि तिला लवकर वर उठताच येईना.

"त्यांना बोलता येत न्हाई," काकू म्हणाल्या. "माझं नाव बी येत न्हाई. डाक्टर म्हणले, मोजायला लावा, कधी कधी मोजणं परत येतं. मी रोज म्हणायची, म्हणा, एक. म्हणा, एक. सहा महिने तोंड उघडलं न्हाई. आन् एक दिवस मी ज्वारी मापून राह्यले, पहिली पायली डब्यात टाकली, तं मागून आवाज आला, लाभ! पायलीच पडली बाई माझ्या हातातून. चाळीस वर्षांची बायको आठवत न्हाई, लाभ आठवतो ह्यांला."

घड्याळात दहा पाच झाले. काकूंनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. सरांनी डावा हात टेबलावर आणला आणि एकेका बोटानं, खाटकन एक अक्षर, मग थांबून दुसरं, असं लिहायला घेतलं. पडद्यावर ओळी उतरायला लागल्या. पहिली आली: लाभ, हजर. त्याबरोबर सरांच्या तोंडून घोगरा पण स्पष्ट शब्द निघाला, "लाभ." दुसरी ओळ. "दोन." मग "तीन." एकेचाळीसपर्यंत ते मोजत गेले, मधे कुठं अडखळले, पुन्हा सापडले. संपल्यावर त्यांनी मान हलवली आणि काकूंनी झाकून ठेवलेल्या ताटाकडं बघितलं.

"हे झाल्याबिगर घास गिळत न्हाईत," काकू म्हणाल्या. "रविवारी सुट्टी हे त्यांला माहीत हाय, त्या दिवशी गप खातात. बाकी रोज हेच. मला काय कळत न्हाई काय लिवलेलं असतं. पण ह्याच्यावर चालून राह्यलंय बघ त्यांचं."

सुमेधाच्या पर्समध्ये ते पत्र होतं. ते काढायला तिचा हात धजेना. ती काकूंच्या मागं स्वयंपाकघरात गेली आणि हलक्या आवाजात सगळं सांगून टाकलं. काकू चुलीशी तशाच उभ्या राहिल्या.

"काढावंच लागतं का?"

"लागतं, काकू. पण एक करता येईल. ती स्क्रिप्ट मी ह्याच मशिनवर ठेवून देते. कॉलेजला जाणारच नाही ती. इथल्या इथंच एकेचाळीस वेळा हजर लिहील. सरांना दिसायला तेच दिसेल."

"मंग कर की," काकू लगेच म्हणाल्या. "कर बाई. त्यांला कुठं कळतंय?"

सुमेधा बाहेर आली, कॉम्प्युटरपाशी गेली, आणि सरांनी तिच्याकडं मान वर करून पाहिलं. तेच बघणं. एकदा तिची बस चुकली होती आणि मैत्रिणीनं तिच्याऐवजी 'हजर, सर' म्हणून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी सरांनी तिला उभं केलं आणि असंच बघत म्हणाले होते, "जो न्हाई त्याला हजर म्हणणारी स्क्रिप्ट मी ठेवून घेत न्हाई. तुला कशी ठेवून घेऊ?" त्या दिवशी ती दिवसभर उभी होती. ह्या माणसाला कळत नाही? ह्याला सगळं कळतंय, फक्त सांगता येत नाही, आणि आपण निघालोय त्याच्याच हजेरीत खोटं लिहायला. तिची तिलाच लाज वाटली.

तिनं स्टूल ओढलं, सरांच्या समोर बसली आणि पत्र त्यांच्या पुढ्यात धरलं. "सर, वाचा."

सरांनी वाचलं. 'श्री. लाभ' पाशी डोळे थांबले, मागं गेले, पुन्हा थांबले. आणि सर हसले. अर्ध्या तोंडानं, पण पोट हलेपर्यंत हसले. काकू धावत बाहेर आल्या. तीन वर्षांत त्यांनी हे हसणं ऐकलं नव्हतं.

"रामकिसन म्हणतो, गुजराती असंल," सुमेधा म्हणाली, आणि तिलाही हसू फुटलं, आणि हसता हसताच रडू आलं.

मग सर पुढचं वाचायला लागले. हसू हळूहळू उतरलं.

"मी काढणार होते, सर. ऑफिसातूनच. पण तुम्हाला न सांगता हात होईना. नियम तुमचाच आहे."

सरांनी मान हलवली. डावा हात पुन्हा कीबोर्डवर गेला. सुमेधाला वाटलं, परत हजेरी लावतायत. पण नाही. अक्षरं उमटायला लागली तशी तिला ओळख पटली. फायरवॉलच्या यादीतून पत्ता काढायचा हुकूम होता तो. पुढं पत्ता, स्वतःच्या घरचा, एक आकडाही न चुकता. शेवटच्या बटणापाशी बोट थांबलं. त्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, वर्गात पाठ बरोबर म्हटल्यावर पाहायचे तसं. आणि बटण दाबलं.

पडदा होता तसा थिजला. सरांनी ती फायरवॉल अशी बांधली होती की ज्याचं नाव गेलं त्याच्याशी बोलणं त्याच क्षणी बंद, भले तो आत बसून बोलत का असेना. त्यांनी आणखी एक अक्षर दाबून पाहिलं. उमटलं नाही. हायवेवरून एक ट्रक गेला.

"लाईट गेली का?" काकूंनी विचारलं.

"नाही, काकू," सुमेधा म्हणाली. "लाईट आहे."

साडेचारला अंबडला येऊन तिनं कागदावर सही केली. 'श्री. लाभ यांनी आपला पत्ता स्वतःच्या हातानं काढला,' असं तिनं लिहिलं, आणि प्रितमनं ते तसंच दप्तरी लावून घेतलं. काम बिलकुल नियमात झालं होतं. तरी रात्री तिला जेवण गेलं नाही.

शनिवारी ती दहालाच ऑफिसात येऊन बसली. दहा पाचला तिनं हजेरीची स्क्रिप्ट चालवली. पहिली ओळ उतरली: लाभ, गैरहजर. खाली चाळीस हजर. वीस वर्षांत त्या ओळीत तो शब्द तिनं पहिल्यांदा पाहिला. एवढं काय त्या शब्दात? पण तिला ते बघवेना. तिनं फोन उचलून काकूंना लावला.

"खाल्लं का त्यांनी?"

"काल दुपारपासून घास न्हाई," काकूंचा आवाज बसलेला होता. "आत्ता शर्ट घालून मशीनपुढं बसलेत. मशीन काय बोलना. मी काय करू गं?"

"फोन त्यांच्या कानाला लावा, काकू. तोंडापाशी पण धरा."

पलीकडं खरखर झाली. मग श्वास ऐकू आला, जड, थांबून थांबून येणारा. "सर," सुमेधा म्हणाली, "दहा पाच झालेत. सगळे बसलेत. हजेरी घ्या."

रामकिसन फाइल हातात धरून दारात थबकला होता. ती पडद्याकडं बघत नव्हती, डोळे मिटून कान लावून बसली होती. आणि मग फोनमधून तो घोगरा, मोंढ्यातला, पोत्यावर बसून शिकलेला आवाज आला.

"लाभ."

सुमेधा खुर्चीतून उठून उभी राहिली. ही काही खोटी हजेरी नव्हती. हा नंबर तिचाच होता.

"हजर, सर."